हातांचा डेटासेट: कला आणि एआयवरच्या आमच्या गट-प्रकल्पाची हकीकत

'कला आणि एआय' या विषयावरचा आमचा गट-प्रकल्प ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि डिसेंबरच्या मध्यावर तोंडी परीक्षेने संपला. चित्रं भिंतीवरून उतरली आहेत, मार्क लागले आहेत. आता पुढच्या तुकडीतली मुलं भेटली की एकच विचारतात, "यात नेमकं करायचं काय असतं?" आम्हालाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता आणि सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून जे झालं ते, ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहून काढते आहे.

सुरुवात एका पानाच्या ब्रीफने झाली. चौघांचा गट करा, एआय वापरून किंवा एआयविषयी एक कलाकृती करा, आणि ती कशी घडली याचा लेखी हिशेब द्या. खाली मार्कांचा तक्ता होता: कलाकृतीला ४०, गटाच्या कामाच्या वहीला ३०, प्रत्येकाच्या स्वतंत्र आत्मचिंतनपर लेखाला २०, तोंडी परीक्षेला १०. हा तक्ता पहिल्याच दिवशी नीट वाचा. शंभरातले साठ मार्क चित्राबाहेरचे आहेत. म्हणजे शिक्षकांना चित्रापेक्षा त्यामागचा विचार बघायचा आहे, आणि तो बघायचा असेल तर कुठेतरी लिहिलेला असायला हवा. आम्ही पहिल्या बैठकीपासून एक सामायिक फाइल उघडली आणि तिचं नाव 'निर्णयवही' ठेवलं. तारीख, काय ठरलं, कुणाचं म्हणणं वेगळं होतं, का ठरलं. चार रकाने, बस. पुढे या फाइलने आम्हाला किती वेळा तारलं ते सांगेनच.

गट मॅडमनीच पाडले होते. आमच्यात एक चित्रकार मैत्रीण, एक कोड लिहिणारा मित्र, एक मांडणी आणि छपाईत रस असलेली, आणि मी. माझ्याकडे लिहिणं आणि कागदपत्रं आली. ही वाटणी कुणाला कमी लेखण्यासाठी नव्हती, पण सुरुवातीचे काही दिवस प्रत्येकजण आपल्याच कोपऱ्यात होता.

पहिले दोन आठवडे सगळ्या वर्गाने केलं तेच आम्ही केलं. प्रॉम्प्ट, म्हणजे हव्या त्या चित्राचं शब्दांतलं वर्णन, टाकायचा, चित्र मिळवायचं, आवडलं नाही की दुसरा टाकायचा. चित्रं देखणी होती, झटपट येत होती आणि आमचं फोल्डर फुगत होतं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी ती सगळी मोठ्या पडद्यावर एकामागून एक पाहिली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "यातलं तुम्ही काय ठरवलंत?" कुणी म्हणालं रंग, कुणी म्हणालं विषय. त्यांनी पुढे विचारलं, "हाच रंग का, या बोटाला असा बाक का, मागे खिडकीच का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. यंत्राने दिलं आणि आम्ही घेतलं, एवढंच सांगता येत होतं.

त्या दिवशी आमची चित्रकार मैत्रीण घरी जाताना गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने मन मोकळं केलं. ग्रेग रुत्कोव्स्की या पोलिश चित्रकाराचं नाव २०२२ मध्ये लोक प्रॉम्प्टमध्ये सर्रास टाकत होते. त्याची शैली हवी म्हणून, त्याला न विचारता. "उद्या माझी चित्रं चांगली झाली तर माझ्याही नावाचं हेच होणार असेल, तर मी या प्रकल्पात नक्की कुणाच्या बाजूने आहे?" असं तिने विचारलं. याला आम्ही घाईने उत्तर दिलं नाही ही चांगली गोष्ट झाली. तो प्रश्न जसाच्या तसा निर्णयवहीत लिहिला. आमच्या प्रकल्पाचा विषय तिथून सुरू झाला असं मी आता म्हणेन.

मधे इतिहासाचं सादरीकरण होतं. प्रत्येक गटाने दोन-तीन कलाकार घ्यायचे होते. आम्ही हॅरॉल्ड कोहेन घेतला. चित्रकार असलेल्या या माणसाने 'आरॉन' हा चित्र काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि २०१६ मध्ये वारेपर्यंत, म्हणजे कित्येक दशकं, त्यावर काम करत राहिला. त्याच्या यंत्राने इतरांची चित्रं पाहिलेली नव्हती. रेष कशी जोडायची, आकार कुठे बंद करायचा, हे नियम त्याने स्वतः लिहिले होते. दुसरी घेतली ॲना रिडलर. २०१८ च्या तिच्या कामात तिने नेदरलँड्समध्ये ट्युलिपचे दहा हजार फोटो स्वतः काढले आणि प्रत्येकाचं वर्णन हाताने लिहिलं. हाच संग्रह वापरून तिने यंत्राकडून ट्युलिप घडवून घेतले. ते फोटो भिंतीवर मांडल्याची छायाचित्रं आम्ही वर्गात दाखवली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग कलाकृती कुठली, फोटो की यंत्राने केलेलं?" मॅडम म्हणाल्या, "हेच वहीत लिहा."

आपला डेटासेट, म्हणजे यंत्राला शिकवायच्या चित्रांचा संग्रह, आपणच करायचा, हे त्या संध्याकाळी ठरलं. विषय हातांचा सुचला. चित्र करणारी यंत्रं त्या काळात बोटांवर घसरायची, सहा बोटं, दोन अंगठे, हे सगळ्यांनी पाहिलेलं. शिवाय हात काढायला समोर बसणारं कुणी शोधावं लागत नाही, प्रत्येकाकडे असतो. वर्गातल्या प्रत्येकाने चित्र न काढणाऱ्या, मोकळ्या हाताची रेखाटनं करायची आणि त्यावर यंत्र शिकवायचं.

इथून तंत्राचा वाद सुरू झाला, आणि तो बराच चालला. कोडवाल्या मित्राचं म्हणणं सरळ होतं: स्टेबल डिफ्यूजनसारखं तयार मॉडेल, म्हणजे चित्र करायला आधीच शिकलेला प्रोग्रॅम, घ्या आणि त्यावर लोरा पद्धतीने आपल्या चित्रांचा छोटासा थर चढवा. तीस-चाळीस चित्रांतही काम होतं, वेळ कमी लागतो, निकाल स्वच्छ येतो. हे सगळं खरं होतं. पण ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या झालेल्या त्या मॉडेलचा पाया 'लायॉन-५बी' या संग्रहातून निवडलेल्या चित्रांवर शिकलेला आहे. वेबवरून गोळा केलेल्या ५.८५ अब्ज चित्र-मजकूर जोड्या. त्यातल्या चित्रकारांना कुणी विचारलं नव्हतं. वर आपल्या वर्गाचा पातळ थर आणि खाली हे सगळं, मग 'आमचा डेटासेट' हे शब्द कुठल्या तोंडाने वापरायचे? चित्रकार मैत्रिणीचा मुद्दा हाच होता.

दुसरा रस्ता होता गॅन कोऱ्या पाटीवरून शिकवण्याचा. इयान गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेली ही पद्धत. यात दोन जाळी (नेटवर्क) असतात. एक चित्र करतं, दुसरं ते खरं की बनवलेलं हे ओळखायचा प्रयत्न करतं, आणि दोघंही एकमेकांमुळे सुधारतात. कमी चित्रांवरही शिकता यावं म्हणून एन्व्हिडियाच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'स्टाइलगॅन२-एडीए' आणलं. पण 'कमी' म्हणजे तिथेही काही हजार. आमची गाडी बाराशेच्या आसपास थांबणार होती. "पुसट येणार, सगळे हात एकसारखे दिसू शकतात, आत्ताच सांगून ठेवतो," असं मित्राने बजावलं आणि तेही वहीत लिहायला लावलं. पुसट आलं तर पुसट दाखवू, पण प्रत्येक रेष कुणाच्या हातची आहे हे सांगता आलं पाहिजे, यावर चौघांचं एकमत झालं. २५६ बाय २५६ पिक्सेल. त्याहून मोठं आम्हाला झेपणार नव्हतं.

आता कागदपत्रं. इथे घोडं अडतं हे आधीच जाणून असा. दुसऱ्या माणसांकडून काही घेऊन ते यंत्राला शिकवायचं असेल तर संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते, मग ती माणसं तुमचे वर्गमित्र का असेनात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. बऱ्याच दिवसांनी तो दोन शेऱ्यांसह परत आला: सहभागी व्यक्तीला कोणत्या तारखेपर्यंत माघार घेता येईल ते लिहिलेलं नाही, आणि फाइली कुठे व किती काळ ठेवणार ते लिहिलेलं नाही. दुरुस्त करून पुन्हा दिला. सप्टेंबर त्यातच गेला. वाट बघण्याच्या दिवसांत आम्ही एकमेकांच्या हातांची सरावाची रेखाटनं केली, फाइलींची नावं कशी द्यायची ते ठरवलं आणि प्रयोगशाळेतल्या संगणकासाठी अर्ज केला. तो अर्ज वेगळा असतो आणि त्याचीही रांग असते. दोन्ही एकाच दिवशी टाका.

संमतीपत्राबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुढे सगळं त्यावर आलं. 'मी सहभागी व्हायला तयार आहे' अशी एकच ओळ ठेवू नका. आम्ही चार वेगळे चौकोन दिले: माझी रेखाटनं यंत्राला शिकवायला चालतील, मूळ रेखाटनं प्रदर्शनात लावायला चालतील, माझं नाव लिहायला चालेल, प्रकल्प संपल्यावर स्कॅन जपून ठेवायला चालतील. चारही चौकोन रिकामे ठेवायची मुभा होती. गंमत वाटेल, पण सर्वांत जास्त 'नाही' नावाच्या चौकोनाला आले. प्रदर्शनात चित्र लागलेलं चालेल पण नाव नको, असं म्हणणारे बरेच निघाले. एकच ओळ असती तर हे कधीच कळलं नसतं. फाइलींना नाव न देता क्रमांक द्या आणि क्रमांक-नावांची यादी वेगळ्या ठिकाणी ठेवा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रेखाटनाची सत्रं झाली. एकाच आकाराचे पांढरे कागद, चारकोल किंवा मऊ पेन्सिल, प्रत्येक चित्राला काही मिनिटं. ज्यांनी शाळेनंतर कधी पेन्सिल धरली नव्हती त्यांना घाम फुटला होता. आमच्या चित्रकार मैत्रिणीने त्यांच्याजवळ बसून एवढंच सांगितलं, "बोटं काढू नकोस, बोटांमधली मोकळी जागा काढ." ते वाक्य ऐकल्यावर शेजारच्या मुलाने आपला हात प्रकाशात धरला, करंगळी आणि अनामिकेमधली फट बराच वेळ बघितली आणि मग एक बारीकसा त्रिकोण काढला. त्याभोवती हात उभा राहिला. सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत आवडलेला काळ हाच. त्या वेळी यंत्राची कुणाला आठवणही नव्हती.

काही जणांनी घरी काढलेली रेखाटनं स्केचबुकातून फाडून आणली. स्कॅन ३०० डीपीआयवर केले, चौकोनी कापले, छोटे केले. हे काम वेळखाऊ आहे आणि कुणा एकावर टाकू नका. आम्ही चौघांनी वाटून केलं आणि त्याचा एक फायदा असा झाला की प्रत्येकाच्या नजरेखालून शेकडो हात गेले. चारकोल कागदाच्या कडेला पुसला जातो, स्कॅनरची काच काळी होते. मऊ कापड जवळ ठेवा.

यंत्राचं ट्रेनिंग म्हणजे बहुतांशी वाट बघणं. प्रयोगशाळेत रात्रीची वेळ मिळाली, उरलेलं एका फुकटच्या क्लाउड सेवेवर. ती सेवा मधेच सत्र बंद करते, त्यामुळे ठरावीक अंतराने जतन होणारी मॉडेलची फाइल आपोआप बाहेर कुठेतरी साठेल अशी सोय आधी करा. मग शेवटच्या फाइलीपासून पुढे सुरू करता येतं. पैसे भरून जास्त वेळ घ्यायचा विषय निघाला होता. गटात सगळ्यांची ऐपत सारखी नसते, आणि जो जास्त भरतो त्याचं मत नकळत जड होतं. आम्ही ठरवलं की सगळ्यांना सारखा परवडेल तेवढाच खर्च करायचा. तो शेवटी छपाईवर झाला.

यंत्र शिकताना मधूनमधून ओळीने मांडलेल्या नमुन्यांची एक प्रतिमा साठवतं. आधी राखाडी धूर, मग काळे डाग, मग तळव्यासारखं काहीतरी, मग एका बाजूला अंगठा. एका सकाळी मित्राने गटावर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "डावीकडची कड बघा." हातांच्या शेजारी, कागदाच्या कडेला, छोट्या गोल ठिपक्यांची उभी रांग होती. स्पायरल वहीची भोकं! स्केचबुकातून फाडलेल्या कागदांवरची. यंत्राच्या दृष्टीने बोट आणि भोक यांत डावं-उजवं काही नव्हतं. जे वारंवार येतं ते चित्राचा भाग. डेटासेट म्हणजे काय हे मला त्या ठिपक्यांनी जेवढं समजावलं तेवढं कुठल्याच व्याख्यानाने समजावलं नव्हतं.

भोकं ठेवायची की कापायची यावर दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. मांडणीवाली म्हणत होती ठेवा, तोच तर कागदाचा खरा पुरावा आहे. चित्रकार म्हणत होती कापा, लोकांचं लक्ष तिकडेच जाईल. निर्णय लागायच्या आत दुसरंच समोर आलं.

ऑक्टोबरच्या शेवटी वर्गातल्या एका मुलीने आमच्यापैकी एकीला बाजूला घेऊन सांगितलं की तिला आपली रेखाटनं काढून घ्यायची आहेत. कारण तिने दिलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. संमतीपत्रात माघारीची मुदत 'ट्रेनिंग सुरू होईपर्यंत' अशी होती. ती उलटून गेली होती. कागदावर आम्ही बरोबर होतो. आणि शिकून झालेल्या मॉडेलमधून एका माणसाची तीस चित्रं वेगळी काढता येत नाहीत. ती काही फाइलींच्या थप्पीतली पानं नव्हेत, शिकलेल्या आकड्यांत मुरलेली असतात. काढायची म्हणजे डेटासेटमधून वगळून सगळं पहिल्यापासून शिकवायचं.

ती बैठक अवघड गेली. रात्र-रात्र जागून मित्राने जे उभं केलं होतं ते पुसायचं होतं, आणि पहिल्यांदा तो चिडला. "नियम आपण लिहिला, तिने सही केली, समितीने मान्य केला. मग नियम कशाला असतो?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग चित्रकार मैत्रिणीने वही उघडून ऑगस्टमधला आपलाच प्रश्न मोठ्याने वाचला. ज्यांना विचारलं गेलं नाही अशा चित्रकारांच्या बाजूने बोलत आपण इथवर आलो, आता समोर बसलेली वर्गमैत्रीण नाही म्हणते आहे. मित्र उठून बाहेर गेला, पाणी पिऊन आला आणि म्हणाला, "ठीक आहे. पण मग भोकं पण कापू, आणि आरशाचं पण ठरवू. एकदाच करू." मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. ज्यांना पुढे असं काही करायचं आहे त्यांनी माघारीची तारीख ट्रेनिंगनंतरचीही ठेवावी आणि एका फेरट्रेनिंगचा वेळ आधीच हाताशी राखावा. तशी वेळ आली नाही तर तो वेळ प्रतिमा निवडायला वापरता येतो.

आरशाचं म्हणजे काय ते सांगते. चित्रं कमी असली की प्रत्येकाची उलटी, आरशातली प्रत यंत्राला द्यायची एक सोय असते. डेटासेट फुकटात दुप्पट होतो. पण आमच्या वर्गात बहुतेकजण उजव्या हाताने चित्र काढणारे, त्यामुळे रेखाटनं जवळजवळ सगळी डाव्या हाताची. डावखुरे तुरळक, आणि उजवे हात फक्त त्यांनी काढलेले. आरसा वापरला तर डावे-उजवे सारखे होतील, निकाल सुधारेल. एका डावखुऱ्या मित्राला आम्ही विचारलं. तो म्हणाला, "माझे उजवे हात मोजके आहेत. आरशात टाकलंत तर ते बाकीच्यांत हरवतील." आम्ही आरसा बंद ठेवला. मॉडेल त्यामुळे थोडं कच्चं राहिलं आणि बहुतेक डावेच हात काढत राहिलं. क्वचित एखादा उजवा येई तेव्हा तो कुठून आला हे आम्हाला कळत होतं.

दुसरं ट्रेनिंग नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास थांबवलं. हात पुसटच होते, काहींना मनगट नव्हतं, काहींचा अंगठा दोन्हीकडे वळल्यासारखा. पण चारकोलचा दाणा आणि रेषेचा थरथराट आला होता. एक तपासणी आवर्जून करा: यंत्राने केलेलं चित्र मूळ डेटासेटमधल्या सर्वांत जवळच्या चित्रांशेजारी ठेवून बघा. कमी डेटावर यंत्र कधीकधी शिकण्याऐवजी पाठ करतं, आणि मग जे 'नवीन' म्हणून मिरवलं जातं ती कुणाचीतरी नक्कल असते. आमच्याकडे काही प्रतिमा अशा निघाल्या, त्या बाद केल्या.

उरलेल्यांतून चोवीस निवडायच्या होत्या. प्रत्येक प्रतिमेला तिचा सीड क्रमांक होता, तो लिहून ठेवला म्हणजे तीच प्रतिमा पुन्हा मिळते. आधी प्रत्येकाने एकट्याने निवड केली, मग याद्या जुळवल्या. फार थोड्या जुळल्या. मला जिवंत वाटणारा हात मांडणीवालीला निव्वळ डाग वाटत होता. तेव्हा आम्ही नियम केला की निवडीचं कारण सांगायचं नाही, नाकारण्याचं सांगायचं. 'फार गोंडस', 'फोटोसारखा', 'बोटं मोजावीशी वाटतात आणि मग बाकी काही दिसत नाही'. अशी कारणं लिहिता लिहिता आम्हाला काय हवं आहे ते उलगडत गेलं. मॅडमच्या ऑगस्टमधल्या प्रश्नाला आता आमच्याकडे पानं भरून उत्तरं होती.

प्रदर्शनासाठी आणखी एक अर्ज असतो: भिंतीची लांबी, खिळे की टेप, विजेचा पॉइंट. तो लवकर भरा, चांगल्या भिंती आधी जातात. आम्ही दोन ओळी लावल्या. वर वर्गाची मूळ रेखाटनं, खाली यंत्राच्या प्रतिमा, आकार एकच.

नावाच्या पट्टीवर मात्र एक अख्खी संध्याकाळ गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेच्या न्यूयॉर्कच्या लिलावात 'एडमंड द बेलामी' हे गॅनने केलेलं व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला गेलं. अंदाज ७,००० ते १०,००० डॉलरचा होता. खाली सहीच्या जागी गणिती सूत्र. चित्र 'ऑब्व्हियस' या फ्रेंच गटाचं, पण त्यासाठी रॉबी बॅरट या तरुण कलाकाराने खुला ठेवलेला कोड वापरला होता आणि श्रेयावरून बराच वाद झाला. कोडवाल्या मित्राला ही गोष्ट लागली होती. दुसरीकडे अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाचे निर्णय होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी क्रिस काश्तानोव्हाच्या चित्रकथेतला मजकूर आणि मांडणी मानवी निर्मिती मानली, पण मिडजर्नी या एआय साधनाने केलेल्या सुट्या चित्रांना संरक्षण नाकारलं. जेसन ॲलनने २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या राज्य जत्रेत पहिलं बक्षीस मिळवलेल्या चित्राची नोंदणीही पुढच्या वर्षी अंतिमतः नाकारली गेली; किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलल्याचं त्याने सांगूनही. माणसाने काय केलं हे दाखवता आलं पाहिजे, असं आम्ही त्यातून घेतलं. शेवटी पट्टी लांबलचक झाली: रेखाटनं कुणाची (ज्यांनी नावाला हो म्हटलं त्यांची नावं, बाकीचे 'आणि वर्गातील इतर'), डेटासेट कुणी केला, कोणतं मॉडेल आणि ते कुणी बनवलेलं, ट्रेनिंग कुणी केलं, निवड कुणी केली. यंत्राने काय केलं तेही एका वाक्यात. मांडणीवाली म्हणत होती एवढं कुणी वाचणार नाही. लोकांनी वाचलं, आणि वाचून परत वरच्या ओळीकडे बघितलं.

प्रदर्शनानंतर सादर करायच्या कागदांमध्ये दोन फॉर्म त्रासाचे. एक, एआय-वापराचं घोषणापत्र: कोणतं साधन, कशासाठी, कोणत्या टप्प्यावर. मित्राने एरर समजून घ्यायला चॅटबॉट वापरला होता, मी संमतीपत्राचा मसुदा तपासायला. तेव्हाच तारखेसह लिहून ठेवल्यामुळे काही आठवत बसावं लागलं नाही. दुसरा, योगदानाचा: चौघांची टक्केवारी, बेरीज शंभर. रेखाटनाच्या सत्रात कुणाजवळ तरी बसून धीर देण्याचे किती टक्के? आम्ही चौघांनी समान आकडे लिहिले आणि सोबत निर्णयवही जोडली, कोण कशासाठी भांडलं ते तिच्यात आहे असं नमूद करून. तोंडी परीक्षेत त्या वहीवरच सर्वाधिक प्रश्न आले. माघार घेतलेल्या मुलीबद्दल बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "तिने सही केली होती ना?" उत्तर मित्राने दिलं, आणि त्या बैठकीत तो ज्या बाजूने बोलला होता ती बाजूही त्याने तितक्याच नीट मांडली.

आत्मचिंतनाचे लेख आम्ही सादर करेपर्यंत एकमेकांना दाखवले नाहीत. नंतर वाचले तर चौघांचे चार प्रकल्प झाले होते. चित्रकार मैत्रिणीने लिहिलं होतं की एआयबद्दलचं तिचं मत बदललेलं नाही, राग तेवढाच आहे, फक्त आता तो नेमका कुठे आहे हे तिला सांगता येतं. मित्राने कोऱ्या पाटीवरून शिकवलेलं मॉडेल आणि तयार मॉडेल यांतला फरक इतका सोपा करून लिहिला आहे की पुढच्या तुकडीला तो आधी वाचायला द्यावा असं मला वाटतं.

मूळ रेखाटनं जानेवारीत ज्याची त्याला परत केली. पुढच्या तुकडीतल्या एका गटाला आमचा डेटासेट हवा आहे. संमतीपत्रातला चौथा चौकोन स्कॅन जपून ठेवण्याबद्दल होता, दुसऱ्यांना देण्याबद्दल नव्हता. म्हणून सगळ्यांना पुन्हा विचारायला सुरुवात केली आहे. निम्म्याहून अधिक जणांनी हो कळवलंय, काहींनी नाही, काहींचं उत्तर यायचं आहे. डावखुऱ्या मित्राने हो म्हटलं आहे, पण आरसा बंद ठेवायच्या अटीवर. ती अट फाइलींबरोबरच्या पत्रात पहिल्या ओळीत लिहिली आहे.